नवी नोकरी : ‘कॉल’ची वाट पाहण्याचे दिवस गेले

स्मरणिकेसाठी काहीतरी उपयोगाचे लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. आमचा पिंड लेखकाचा नाही. लोणखेड्याच्या महाविद्यालयातून कला शाखेची पदवी घेतली आणि गेली काही वर्षे बँकेच्या काउंटरवर बसून लोकांचे आकडे मांडतो आहोत. परंतु त्याच काउंटरवर शहादा, लोणखेडा आणि आसपासच्या खेड्यांतील सुशिक्षित तरुण रोज भेटतात. परीक्षेचे शुल्क खात्यातून गेले पण अर्ज भरला गेला नाही, अशी तक्रार घेऊन कोणी येतो. कोणी नुसताच विचारतो, “साहेब, कुठे जागा निघाल्यात का?” या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून ते येथे बसून लिहीत आहोत.

आमच्या वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत रोजगार विनिमय केंद्राचे एक जुने कार्ड होते. घडीवर फाटलेले, मागे नूतनीकरणाच्या शिक्क्यांची रांग. पंचक्रोशीत त्याला ‘एम्प्लॉयमेंटचे कार्ड’ म्हणत, आणि त्यावरून येणाऱ्या बोलावण्याला ‘कॉल’. या केंद्रांचा इतिहास विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून सुटलेल्यांना काम मिळावे म्हणून १९४५ साली मजूर खात्याखाली पुनर्वसन व रोजगार संचालनालय उभे राहिले. १९४२ ते १९४६ या काळात ते खाते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. पुढे १९५९ साली कायदा झाला. पंचवीस किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या खाजगी मालकांनीही रिक्त जागा केंद्राला कळवाव्यात, असे त्यात ठरले. कळवाव्यात एवढेच, केंद्राने पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे असे बंधन त्या कायद्यात नव्हते. हा बारकावा फार थोड्यांच्या लक्षात आला. कार्ड काढले म्हणजे नंबर लागला, नंबर लागला म्हणजे एक दिवस कॉल येणार, अशा भरवशावर आमच्या आधीच्या पिढीतील कित्येकांची वये उलटून गेली.

मग १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. केवळ केंद्राकडून आलेल्या नावांवर भरती करू नये, वर्तमानपत्रांतूनही जाहिरात द्यावी आणि जो पात्र उमेदवार अर्ज करील त्याचा विचार करावा, असे न्यायालयाने सांगितले. निकाल न्याय्यच होता. ज्याचे नाव केंद्रात नव्हते त्यालाही दार उघडले. मात्र त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट घडली आणि ती आपल्याकडे कोणी समजावून सांगितली नाही. शोधण्याचे काम आता केंद्राचे न राहता उमेदवाराचे झाले. योगायोग असा की १९९७ साली नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ निघाले. वर्तमानपत्रांतील जाहिराती गोळा करून संगणकावर मांडायच्या, अशी त्याची साधी सुरुवात होती. आपल्याकडे मात्र त्या वेळी इंटरनेट हा शब्दही ऐकू आला नव्हता. नंदुरबार जिल्हाच १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. तोवर कोणत्याही दाखल्यासाठी धुळ्याची वारी होती.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. पदवीनंतर आम्ही एका पतसंस्थेत चिकटलो. पगार तुटपुंजा, पण घरचे जेवण होते. खान्देशातल्या बऱ्याच पतसंस्था त्या काळात अडचणीत आल्या, त्यात आमचीही गेली. २००९ साली शटर ओढले गेले तेव्हा तीन महिन्यांचा पगार बाकी होता आणि ठेवीदार रस्त्यात गाठून आम्हालाच जाब विचारत होते. दोन वर्षे शिकवण्या घेतल्या, एका दुकानाची खाती लिहिली. कार्डाचे नूतनीकरणही केले! २०११ साली एका मित्राने सांगितले की सरकारी बँकांच्या कारकुनांसाठी आयबीपीएस या संस्थेची एकच सामाईक परीक्षा होणार आहे. वय तिशीला टेकलेले. मर्यादा २८ ची, पण अनुसूचित जातींना पाच वर्षांची सवलत असल्याने आम्ही त्यात बसत होतो. शहाद्यातील एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून अर्ज भरला. मध्येच भारनियमनाने वीज गेली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून भरला. परीक्षा वर्षअखेरीस झाली. त्या वेळी ती कागदावर गोळे काळे करण्याची होती.

खरी गंमत पुढे आहे. परीक्षेत निघालो म्हणजे नोकरी लागली, असे आम्हाला वाटले होते. तसे नव्हते. त्या पहिल्या वर्षी हाती फक्त गुणपत्रक मिळाले, तेही एक वर्षापुरते ग्राह्य. सहभागी बँका एकोणीस. प्रत्येक बँक आपापली जाहिरात स्वतंत्रपणे काढणार, आणि तिच्याकडे मुदतीत वेगळा अर्ज करायचा. कोणी पत्र पाठवणार नव्हते. आम्ही शंभर पानी वही घेतली. एकोणीस बँकांची नावे लिहिली, प्रत्येकीपुढे संकेतस्थळाचा पत्ता, शेवटचे कधी पाहिले ती तारीख, जाहिरात निघाली का, अंतिम दिनांक कोणता. दर सोमवारी आणि गुरुवारी कॅफेत जाऊन एकोणीसच्या एकोणीस पाने उघडायची. बाकी काही पाहायचे नाही. ज्या मित्राने परीक्षेची बातमी दिली त्याला आमच्यापेक्षा बरेच जास्त गुण होते. तो ‘कॉल’ची वाट पाहत राहिला. वर्ष संपले तेव्हा त्याचे गुणपत्रक निरुपयोगी झाले होते. पुढच्या फेरीपासून ही पद्धत बदलली, पण तोपर्यंत त्याचे वय निघून गेले. आज तो भेटतो तेव्हा हा विषय आम्ही काढत नाही.

आता आजची परिस्थिती पाहू. साधनांचा तुटवडा मुळीच नाही. केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल जुलै २०१५ मध्ये सुरू झाले. राज्याच्या कौशल्य व रोजगार विभागाचे ‘महास्वयं’ आहे, आणि जुन्या कार्डाची नोंदणी आता तेथेच होते. दोन्हींवर नोंदणीला पैसे पडत नाहीत. खाजगी नोकऱ्यांसाठी नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, इंडीड, अपना अशी दुकाने आहेत. जो तो खिशात मोबाईल घेऊन हिंडतो आहे. तरीही तरुण रिकामाच का, याचे उत्तर आम्हाला आमच्या भाच्याने दिले.

हा भाचा कला शाखेचा पदवीधर असून सुरतेच्या कापड बाजारात सहा वर्षे एका पेढीवर कामाला होता. वय एकोणतीस, पदरी बायको आणि एक मूल. मालकाने धंदा आवरता घ्यायचे ठरवले आणि दिवाळीपर्यंत दुसरी सोय बघ म्हणून सांगितले. पोराने महिनाभरात मोबाईलवरून एकशे चाळीस अर्ज केले. उत्तर एकाचेही नाही. “मामा, आपल्याला कोण घेतंय? तिथं सगळं ओळखीवर चालतं,” असे म्हणून तो मोबाईल उशाखाली ठेवून झोपून राहू लागला, तेव्हा बहिणीने आम्हाला बोलावून घेतले.

आम्ही ते एकशे चाळीस अर्ज पाहिले. बंगळूरची संगणक कंपनी, दिल्लीचे हॉटेल, पुण्यातील औषध विक्री, जे समोर आले त्यावर बोट दाबलेले. एका रात्रीत तीस-तीस. आणि स्वतःच्या माहितीपत्रकात अनुभवापुढे लिहिले होते, ‘मेहताजी, ऑफिस वर्क’. सुरतेच्या बाजारात पेढीवर हिशेब लिहिणाऱ्याला मेहताजीच म्हणतात, त्यात खोटे काही नव्हते. पण नोकरी देणारा माणूस शोधतो कसा, हे त्याला ठाऊक नव्हते.

ही गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. खाजगी पोर्टलवर मालक हजारो माहितीपत्रके वाचत बसत नाही. तो चार शब्द टंकलिखित करतो : कामाचे नाव, गाव, किती वर्षांचा अनुभव, कोणते संगणक ज्ञान. हे शब्द ज्यांच्या माहितीपत्रकात असतील त्यांचीच यादी यंत्र त्याच्यापुढे ठेवते, आणि ज्यांनी अलीकडे आपली माहिती ताजी केली असेल त्यांना बहुधा वर ठेवते. जो शब्द तुम्ही लिहिलाच नाही तो यंत्राला मनकवडेपणाने कळत नाही. मेहताजी हा शब्द कोणत्या कारखान्याचा व्यवस्थापक टाकील? आम्ही भाच्याला विचारले, तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करायचास, ते फक्त सांग. तो सांगत गेला आणि आम्ही लिहीत गेलो. टॅलीवर बिले करणे, जीएसटीची माहिती सल्लागाराकडे पाठवणे, मालाची गाठ निघण्याआधी ई-वे बिल काढणे, ट्रान्सपोर्टशी बोलणे, येणे बाकीचा तगादा, बँकेचा मेळ. गुजराती आणि हिंदी सफाईने, मराठी घरची. एमएस-सीआयटी झालेले. यातले एकही त्याने लिहिलेले नव्हते! रोज करतो ते काम, त्यात काय सांगायचे, असे त्याला वाटले. आपल्या समाजात ही सवय फार आहे. घरात कोणी कचेरीत काम केलेले नसले की आपल्या कामाला बाहेर काय नाव आहे हेच कोणी सांगितलेले नसते.

त्या दिवशी माहितीपत्रक नव्याने लिहिले. ‘बिलिंग’, ‘डिस्पॅच’, ‘अकाउंट्स असिस्टंट’, ‘टॅली’, ‘जीएसटी’, ‘ई-वे बिल’ हे शब्द, पुढे किती वर्षे केले ते. खोटा एक शब्द घातला नाही. मुलाखतीत टॅलीसमोर बसवतात, तेथे खोटे दोन मिनिटांत उघडे पडते.

नंतर गावे ठरवली. सुरत, नवापूर, नंदुरबार, धुळे, नाशिक, बस्स. भाच्याचा चेहरा उतरला, कारण यादी हजारांवरून तीस-चाळिसांवर आली. पण त्या तीस-चाळिसांतील प्रत्येक जागा त्याने वाचली, आणि एकशे चाळिसांतील एकही वाचली नव्हती.

शोधण्याच्या दोन-तीन युक्त्याही सांगून ठेवतो. गुगलवर नुसते ‘नंदुरबार नोकरी’ टाकले तर जाहिराती विकणाऱ्यांचा बाजार उघडतो. कामाचे नाव इंग्रजीत टाकून त्याला दुहेरी अवतरणचिन्हे लावावीत, म्हणजे ते शब्द त्याच क्रमाने जेथे असतील तीच पाने येतात. सरकारी जाहिरात हवी असल्यास इंग्रजीत ‘साईट’ हा शब्द, लगेच कोलनची दोन टिंबे, आणि जागा न सोडता जीओव्ही डॉट इन असे लिहावे. मग फक्त सरकारी संकेतस्थळांवरचीच पाने दिसतात. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह द्यावे. आणि साधनांच्या यादीतून ‘गेल्या आठवड्यातील’ हा पर्याय निवडावा, नाहीतर तीन वर्षांपूर्वीची जाहिरात ताजी समजून माणूस पळत सुटतो. असे आमच्या काउंटरवर प्रत्यक्ष घडले आहे. पोर्टलवर ‘अलर्ट’ लावून ठेवला की त्या शब्दांची नवी जागा निघताच ईमेल येतो. मात्र तो ईमेल उघडण्याची सवय हवी. आपल्या मुलांचे ईमेल खाते कॅफेवाल्याने काढलेले असते आणि पासवर्ड त्यालाच माहीत असतो.

सरकारी आणि बँकेच्या नोकरीचे गणित वेगळे आहे. तेथे शब्द जुळवून भागत नाही, जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचावी लागते. मित्राने पाठवलेल्या चार ओळींवर कधीही विसंबू नये. भाच्याला वाटत होते की अठ्ठावीस उलटले म्हणजे बँक संपली. ३३ पर्यंत आपल्याला अर्ज करता येतो, हे जाहिरातीत छापलेले असूनही त्याने वाचलेले नव्हते. परीक्षा इंग्रजी-हिंदीतच असते हाही त्याचा समज. कारकुनांची पूर्व आणि मुख्य अशा दोन्ही परीक्षा मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांतून घ्याव्यात, असा निर्णय केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२१ साली केला. इंग्रजीचा पेपर अर्थात इंग्रजीतच.

जातीच्या दाखल्याबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या मुलांची सर्वाधिक अडवणूक येथे होते. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. पण राज्यातील नोकरीसाठी चालणारा दाखला आणि केंद्राच्या नोकरीसाठी मागितला जाणारा नमुना एकच असतो असे समजू नये. जाहिरातीच्या शेवटी नमुना जोडलेला असतो, त्याचीच छापील प्रत घेऊन सेतू केंद्रात जावे आणि त्याच नमुन्यात दाखला मागावा. हे काम जाहिरात निघाल्यावर नव्हे, आधीच करून ठेवावे. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव आणि आधारवरील नाव अक्षरशः एक आहे का, हेही तेव्हाच पाहावे. आईचे नाव, आडनावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, कागद पडताळणीला नेमके हेच पुढे येते. बँकेच्या अर्जात सही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत चालत नाही. बारीकशी गोष्ट, पण तेवढ्यावर अर्ज बाद होतो.

ग्रामीण डाकसेवकाची भरतीही अनेकांना ठाऊक नसते. तिला परीक्षा नाही. दहावीच्या गुणांवर यादी लागते, अर्ज ऑनलाइन असतो, वय १८ ते ४०, राखीव गटांना सवलत वेगळी. स्थानिक भाषा आणि सायकल चालवता येणे, अशा अटी आहेत. डाकसेवकाला उपजीविकेचे दुसरे साधन असावे अशीही अट आहे, तेव्हा तिला पूर्ण पगाराची नोकरी समजून जाऊ नये. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिची नोंदणी महास्वयंवर झाली. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये महिना विद्यावेतन. तिच्यातही कायम नोकरीचे वचन नव्हते, तरी पुष्कळांनी ते गृहीत धरले आणि नंतर निराश झाले.

आता एक कटू गोष्ट. भाच्याने आम्हाला दोन रविवार झाल्यावर सांगितले की मध्यंतरी त्याने अडीच हजार रुपये गमावले होते. विमानतळावर नोकरी, नियुक्तिपत्र तयार, फक्त नोंदणी आणि गणवेशाचे पैसे भरा, असा फोन आला. पत्रावर सिंहाची मुद्रा होती. त्याने पैसे पाठवले. पुन्हा सात हजार मागितले तेव्हा तो जागा झाला. लाजेपायी दोन महिने घरात बोलला नाही. आम्ही बँकेत काम करतो, त्याने पहिल्या तासात सांगितले असते तर १९३० या क्रमांकावर तक्रार करून रक्कम पुढे जाण्याआधी अडवण्याचा प्रयत्न करता आला असता. दोन महिन्यांनंतर खाते रिकामे असते. परीक्षेचे शुल्क वेगळे आणि नियुक्तीसाठी मागितलेले पैसे वेगळे. शुल्क जाहिरातीत छापलेले असते आणि अधिकृत संकेतस्थळावरच भरले जाते. नियुक्तीसाठी प्रामाणिक मालक पैसे घेत नाही. संकेतस्थळाचा पत्ता शेवटून वाचायला शिकावे. सरकारी असेल तर शेवट जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असा. बँकांनी रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०२५ साली बँक डॉट इन हा शेवट घेतला. आयबीपीएसचा मात्र साधा डॉट इन आहे, त्यामुळे पत्ता पाठ असलेला बरा. शंका आल्यास कोणाही बँक कर्मचाऱ्याला विचारावे. विचारण्यात कमीपणा वाटू देऊ नये.

भाच्याचे काय झाले, हे विचारले जाईलच. नव्या माहितीपत्रकाने पाच आठवड्यांत अकरा अर्ज केले. तीन ठिकाणांहून फोन आले. नाशिकचे एक ठिकाण पगारात परवडले नाही, एका ठिकाणी इंग्रजी बोलण्यात कमी पडला. तिसरे नवापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कापड कारखान्याचे. जागेचे नाव होते ‘डिस्पॅच असिस्टंट’. हा शब्द त्याने जन्मात शोधला नसता. सुरतेहून माल मागवणे, ई-वे बिल, गुजरातीत ट्रान्सपोर्टशी बोलणे, सगळे त्याच्या हातचे काम. सुरतेपेक्षा दीड हजार जास्त मिळतात. फार नाहीत. पण आठवड्याच्या सुट्टीला प्रकाशाचा पूल ओलांडून तो घरी येतो आणि मुलगा त्याला ओळखतो.

बँकेच्या परीक्षेचा नाद त्याने सोडलेला नाही, अजून वय हाताशी आहे. मागल्या महिन्यात आला तेव्हा आमची ती २०११ ची वही मागून घेतली. बसल्या बसल्या एकोणीस नावे वाचू लागला. अलाहाबाद, आंध्रा, कॉर्पोरेशन, देना, ओरिएंटल, सिंडिकेट, युनायटेड, विजया. २०१९ आणि २०२० च्या विलीनीकरणात ही आठही नावे गेली. त्याने त्यांवर लाल रेघ मारली, उरलेल्या अकरांपुढचे जुने पत्ते खोडले आणि मोबाईलवर पाहून नवे पत्ते लिहायला घेतले.